काळ्यांची वस्ती, गोऱ्यांचा ओळंबा

दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली आणि तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते, हे आपल्या चळवळीतील शाळकरी पोरही सांगेल. तिकडच्या काळ्यांचे साहित्य, त्यांचा संताप, त्यांच्या घोषणा आपण आपल्याशा केल्या. परंतु त्याच वर्षांत तेथील काळ्या तरुणांनी इमारतीवरचे कुशल काम हाती यावे म्हणून जो दीर्घ लढा दिला, त्याच्याकडे आपले लक्ष कमीच गेले. कदाचित त्यात कविता नव्हती म्हणून असेल.

१९६३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्ट्रॉबेरी मॅन्शन या काळ्या वस्तीत सरकारी शाळेची इमारत उभी राहत होती. शाळेत जाणार होती काळ्यांची मुले. कुशल कामावर होते गोरे कारागीर. एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे तेथील नेते सेसिल मूर यांनी त्या जागेवर निदर्शने उभी केली. त्याच उन्हाळ्यात हे लोण न्यूयॉर्कला पोहोचले. हार्लेममधील रुग्णालयाचे काम अडवले गेले. ब्रुकलिनच्या डाऊनस्टेट वैद्यकीय केंद्रापुढे माणसे मालमोटारींच्या वाटेत बसली. शेकडोंना अटक झाली, त्यांत चर्चचे पाद्रीही होते. मागणी साधी होती: आमच्या वस्तीत, आमच्या करातून जे बांधता, त्यावर आमच्या पोरांना काम द्या.

काळे बांधकामावर नव्हते, असे नव्हे. माती उपसायला, विटा वाहायला ते होतेच. नळकाम, वीजकाम, लोखंडकाम, पत्राकाम या चांगल्या मजुरीच्या धंद्यांची दारे मात्र बंद होती. त्यांची किल्ली कंत्राटदाराकडे नव्हती, ती होती कामगार संघटनेकडे. कंत्राटदार माणसे मागायचा संघटनेच्या कचेरीतून. संघटनेचे सभासदत्व मिळायचे शिकाऊ उमेदवारी करून. आणि उमेदवारीला शिफारस लागायची जुन्या सभासदाची. बाप मुलाची करी, चुलता पुतण्याची. नियमात ‘काळा’ हा शब्द लिहायची गरजच उरत नसे. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. कामगारांची एकजूट कोठे येऊन थांबते, हे आपल्या वाचकाला नव्याने सांगायला नको.

न्यूयॉर्कच्या पत्राकाम करणाऱ्यांची शाखा क्रमांक २८ घ्या. या शाखेत आजवर एकही काळा सभासद किंवा शिकाऊ उमेदवार झालेला नाही, असा निष्कर्ष राज्याच्या मानवी हक्क आयोगाने १९६४ साली काढला. मग आली प्रवेशपरीक्षा, म्हणजे गुणवत्ता! वर्कर्स डिफेन्स लीग या संस्थेने काळ्या तरुणांना त्या परीक्षेसाठी शिकवून तयार केले. १९६६ ची परीक्षा न्यायालयाचा आदेश आल्यावरच घेतली गेली. निकाल लागला, तेव्हा या पोरांचे गुण इतके वरचे आले की प्रवेश समितीने निकालच मानायला नकार दिला. नापास झाले असते तर ‘लायकी नाही’. पहिले आले, तर ‘काहीतरी गडबड आहे’. न्यायालयाला पुन्हा मध्ये पडावे लागले. आपल्या सभासदांच्या नातेवाइकांना याच परीक्षेसाठी संघटनेच्या पैशातून खास शिकवणी दिली जात होती, हे पुढे खटल्यात सिद्ध झाले. म्हणजे शिकवणी गुन्हा नव्हती. ती कोण घेतो, याचीच काय ती अडचण होती.

यातून चळवळीला एक गोष्ट उमगली. नुसते प्रशिक्षण मागणे हा सापळा आहे. सरकार वर्ग काढते, प्रमाणपत्रे वाटते, आणि पोरगा प्रमाणपत्र खिशात घालून फाटकाबाहेर उभा राहतो. म्हणून मागणी सरकली ती कामाच्या ठिकाणच्या आकड्याकडे. जून १९६९ मध्ये निक्सन सरकारच्या श्रमखात्यातील आर्थर फ्लेचर या काळ्या अधिकाऱ्याने सुधारित फिलाडेल्फिया योजना जाहीर केली. केंद्र सरकारच्या पैशाच्या मोठ्या कंत्राटांत सहा धंद्यांना वर्षागणिक लक्ष्ये ठरवून दिली. लोखंडकामात १९७० साली पाच ते नऊ टक्के, १९७३ पर्यंत बावीस ते सव्वीस. निक्सन यांना काळ्यांचा फार पुळका होता, असे समजण्याचे कारण नाही. ज्या पीटर ब्रेनन यांनी न्यूयॉर्कच्या बांधकाम संघटनांचे पुढारीपण केले, त्यांनाच १९७३ मध्ये त्यांनी श्रममंत्री केले.

तेव्हा भिस्त पुन्हा रस्त्यावरच होती. सिएटलमध्ये टायरी स्कॉट या काळ्या वीजतंत्रीने १९६९ साली कामे बंद पाडली; पुढच्या वर्षी काळ्या बांधकाम कामगारांची स्वतंत्र संघटना उभी केली. बॉस्टनमध्ये चळवळीने निराळी वाट काढली. शहराबाहेरचे कामगार येथल्या बांधकामाची मजुरी घेऊन जातात, हा सल तेथील गरीब गोऱ्यांनाही होता. त्यांना सोबत घेऊन मागणी झाली. १९७९ साली महापौरांचा आदेश निघाला: शहराच्या पैशाने होणाऱ्या कामांत निम्मे कामतास शहरवासीयांना, पंचवीस टक्के अल्पसंख्याकांना, दहा टक्के स्त्रियांना. कंत्राटदार न्यायालयात गेले आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. इकडे ईस्ट हार्लेममध्ये १९७८ पासून तरुण मुलेच एक ओसाड चाळ दुरुस्त करीत शिकत होती. त्यातून ‘यूथबिल्ड’ जन्मली आणि १९९२ मध्ये तिला केंद्रीय कायद्याचा आधार मिळाला. येथे शिकणे आणि राहते घर उभे करणे एकच होते, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब.

शाखा क्रमांक २८ वर केंद्र सरकारने १९७१ साली खटला भरला. गोरेतर सभासदांचे प्रमाण २९ टक्क्यांवर नेण्याचा आदेश १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. सभासदत्व मिळाले, तरी काम वाटताना तास कमी दिले जात; त्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईची तडजोड व्हायला २०१५ साल उजाडले. १९६६ च्या परीक्षेला अठरा वर्षांचा असलेला पोरगा त्या वर्षी सदुसष्टीचा झालेला होता.