पावागड : देवी, पीर आणि शिखर

सुरतेतल्या आपल्या मराठी घरांना पावागड नवा नाही. नवरात्रात बडोदा-हालोल मार्गे कालिकामातेच्या दर्शनाला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. रोपवेने वर जायचे, दर्शन घ्यायचे आणि परतायचे, हा बहुतेकांचा शिरस्ता. पण हा डोंगर थोडे थांबून पाहण्यासारखा आहे.

सुमारे 800 मीटर उंचीच्या या गडावर खिची चौहानांचे राज्य होते. दीर्घ वेढ्यानंतर 1484 मध्ये महमूद बेगड्याने गड जिंकला. शेवटचा राजा जयसिंह, म्हणजेच लोककथेतला पताई रावळ. गरब्यात प्रत्यक्ष देवीचा पदर धरल्यामुळे तिने त्याला शाप दिला, अशी कथा सांगतात. बेगड्याने पायथ्याच्या चांपानेरला राजधानी केली. तिथली जामा मशीद आमच्यासारख्या बांधकामाच्या माणसांनी तर सावकाश पाहावी. पुढचे दोन मनोरे सुमारे 30 मीटर उंच. पण खांब, सज्जे, कमळे यांची घडण गुजरातच्या मंदिरांची. कारागीर इथलेच होते, हे दगडच सांगतो. 1535 मध्ये हुमायूनने चांपानेर घेतले आणि पुढे ते ओस पडत गेले. 2004 मध्ये युनेस्कोने चांपानेर-पावागडला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

वरच्या मंदिराला मात्र शिखर नव्हते. त्या जागी, मंदिराच्या माथ्यावर, सदनशाह पीराचा दर्गा होता. खाली देवी, वर पीर. अनेक भाविक दोन्हीकडे माथा टेकून मगच गड उतरत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अठराव्या शतकात गड शिंद्यांकडे आला. 1803 मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि पुढच्याच वर्षी परत दिला. 1853 मध्ये पंचमहालचा कारभार इंग्रजांकडे जाईपर्यंत तो शिंद्यांचाच होता. एवढ्या काळात सत्ता मराठ्यांच्या हाती होती. तरी देवीची पूजा चालली आणि माथ्यावरचा दर्गाही राहिला.

अलीकडे मंदिराचा जीर्णोद्धार झाला. दर्ग्याच्या व्यवस्थापकांशी बोलणी होऊन, त्यांच्या संमतीने दर्गा शेजारी हलवला गेला आणि मंदिराला शिखर चढले. 18 जून 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्यावर ध्वजा फडकली. कोणाला यात शतकांची उणीव भरून निघाल्याचे समाधान वाटते, तर कोणाला देवी आणि पीर एकाच छपराखाली नसल्याची हुरहूर. दोन्ही भावना खऱ्या आहेत. पण अशा प्रश्नांवरून कोर्टकचेऱ्यांत पिढ्या जातात आणि गावे दुभंगतात, हे आपण पाहिले आहे. इथे माणसे समोरासमोर बसली आणि मार्ग निघाला. हे शिखराइतकेच जपण्यासारखे आहे.

येत्या नवरात्रात मुलांना घेऊन गेलात, तर रोपवेच्या रांगेत लागण्याआधी दोन तास चांपानेरसाठी राखून ठेवा. वर गेल्यावर त्यांना शिखर दाखवा आणि तिथे आधी काय होते, तेही सांगा. अर्धी गोष्ट सांगितली, तर मुले उरलेली अर्धी कुठून तरी ऐकतातच, आणि ती नेहमीच खरी असते असे नाही.