बुद्धिदात्याच्या उत्सवात गणिताची आठवण

गणपती ही विद्येची देवता. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून सार्वजनिक गणेशोत्सवाचा पुरस्कार केला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, हे मात्र फारसे बोलले जात नाही. आकाशातील नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न त्यात आहे. टिळक मुळात गणिताचे विद्यार्थी होते आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवले. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय घेतला आहे: कॉलेजात गणित घेणाऱ्या मराठी मुलाला वर्गाबाहेर काय मिळत आले, आणि आज काय मिळू शकते.

टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवले ते केरो लक्ष्मण छत्रे यांनी. छत्र्यांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेत काम करता करता ते खगोल आणि गणित शिकले आणि पुढे प्राध्यापक झाले. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. टिळकांच्या मनात ज्योतिर्गणिताची गोडी अशा गुरूमुळे रुजली.

१८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथे शिकले, केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती, पण ते फर्ग्युसनमध्ये परतले, गणित शिकवू लागले आणि प्राचार्य झाले.

१९०७ मध्ये मद्रास इलाख्यातील डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने भारतीय गणित परिषदेची स्थापना झाली. आमच्यासारख्या सरकारी नोकराला याचे विशेष कौतुक वाटते. कचेरी सांभाळून या गृहस्थाने देशभरच्या गणितप्रेमींना एकत्र आणले. परिषदेचे ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात ठेवले गेले. परिषदेच्याच नियतकालिकात १९११ साली रामानुजनचा पहिला लेख छापून आला. तो मुलगा इंटरला नापास झालेला होता. कॉलेजाने नाकारले, पण एका संस्थेच्या मासिकाने जागा दिली.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी माणसाचे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना, १९२७ साली, त्यांना स्वतंत्र गणिती कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. पुढचे शिक्षण झाले नाही. देवळालीच्या शाळेत त्यांनी १९३० ते १९६२ अशी शिक्षकाची नोकरी केली, पण आकड्यांचा नाद सोडला नाही. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ त्यांचाच. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या सदरात लिहिल्यावर तो जगभर गाजला.

घरातल्या मुलांना हे करून दाखवा. चार आकडी संख्या घ्या, सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. १८९३ घेऊ. ९८३१ वजा १३८९ म्हणजे ८४४२. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यानंतर कितीही वेळा केले तरी ६१७४ च. कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. इतकी साधी गोष्ट शोधायला मोठी प्रयोगशाळा लागली नाही. विद्यार्थीदशेत कोणीतरी पाठ थोपटली, ती आयुष्यभर पुरली.

हे झाले पुण्याकडचे. पैनगंगेच्या अलीकडे आपण निजामाच्या राज्यात होतो. किनवट आणि राजुरा हे तालुकेसुद्धा १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. उच्च शिक्षणासाठी हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तिथे माध्यम उर्दू होते. त्यासाठी खास भाषांतर विभाग काढून गणिताची पुस्तकेही उर्दूत आणली गेली. आपल्या वडीलधाऱ्या पिढीने घरी बेरीज-वजाबाकी आणि शाळेत जमा-तफरीक केली. त्रिकोणाला ते मुसल्लस म्हणत. भारतीय भाषेतून पदवीपर्यंत गणित शिकवण्याचे ते मोठे काम होते, पण मराठी मुलाला त्यासाठी आधी परकी लिपी गिरवावी लागे. १९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले आणि पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागली. इतक्या वळणांनंतरही आपल्या घरांतून शिक्षक, हिशेबनीस, अभियंते निघाले.

आजची स्थिती काय? इंटरला एम.पी.सी. घेतलेल्या मुलाला एकच वाट दाखवली जाते, ती म्हणजे इंजिनिअरिंग. आम्ही स्वतः डिप्लोमा करून नोकरीला लागलो, त्यामुळे त्या वाटेला नावे ठेवणार नाही. पण जो मुलगा किंवा मुलगी आवडीने डिग्री कॉलेजात बी.एस्सी. गणित घेते, तिला “आता बी.एड.च ना?” असे विचारून गप्प केले जाते. शिक्षकी पेशा थोरच आहे, कापरेकर शिक्षकच होते. मात्र इतर दरवाजे आहेत हे तिला कोणी सांगत नाही.

ते असे. १९९३ पासून एस. कुमारेसन यांनी सुरू केलेली एम.टी.टी.एस. ही उन्हाळी शिबिरे चालतात. तिथे पाठांतर नसते, प्रश्न विचारायला शिकवतात. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा होते, तिच्याशी पुण्याचे स. प. महाविद्यालय निगडित आहे. प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. देशातील विज्ञान अकादम्या उन्हाळ्यात संशोधकांकडे काम करण्यासाठी विद्यावृत्ती देतात. ‘जॅम’ परीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी. करता येते. चेन्नईची गणित संस्था आणि भारतीय सांख्यिकी संस्था आपापल्या प्रवेश परीक्षा घेतात. हैदराबाद विद्यापीठात इंटरनंतर थेट पाच वर्षांचा गणिताचा अभ्यासक्रम आहे. या सर्वांच्या तारखा वर्ष सुरू होतानाच पाहून ठेवाव्यात. आदिलाबादच्या मुलाची हुशारी कमी पडत नाही, त्याला बातमी उशिरा कळते.

म्हणून मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. दहा दिवसांच्या स्पर्धांत रांगोळी आणि गायनाबरोबर एक संध्याकाळ गणिती कोड्यांना द्यावी. आणि पदवीला गणित घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला दरवर्षी छोटे पारितोषिक द्यावे. ते गुणांसाठी नको, त्याने स्वतः शोधलेल्या एखाद्या गोष्टीसाठी असावे. रक्कम लहान असली तरी चालेल. १९२७ च्या एका पारितोषिकाचे फळ आपण वर पाहिलेच.

बासरच्या सरस्वतीपुढे आपण मुलांच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेतो. त्याच हाताला पहिले कोडेही देऊ या. बुद्धिदाता गजानन आपल्या सर्व मुलांना सुबुद्धी देवो.

गणपती बाप्पा मोरया!