राजूरचे इंग्रजीचे सर आणि जी.आर.ची तारीख

परकीय भाषेचा शिक्षक म्हटलं की पुण्यातले जर्मन-फ्रेंचचे वर्ग डोळ्यांसमोर येतात. पण अकोले तालुक्यातल्या राजूर परिसरात महादेव कोळी, ठाकर मुलांना पुस्तकी मराठीच घरच्या बोलीपासून लांबची वाटते. तिथं इंग्रजी ही खरी परकीय भाषा. म्हणून अशा भागातल्या हायस्कुलात हयातभर इंग्रजी शिकवलेल्या सरांची नोकरी हा इतिहासाचा विषय होतो. तो हाताळायचा कसा, ते पाहू.

आधी धोरण मांडा. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं मुंबई प्रांतात पाचवी ते सातवीची इंग्रजी काढली. इंग्रजी आठवीपासून, मॅट्रिक अकरावीला. हाती वर्षं फक्त ४. पुढे महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीवर आली. मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली एस.एस.सी. झाली, तेव्हा पाचवी ते दहावी अशी ६ वर्षं. जून २००० पासून इंग्रजी थेट पहिलीला.

आता यावर एक नोकरी ठेवून बघा. समजा, सर १९६८ ला बाविसाव्या वर्षी लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, २००४ ला निवृत्त झाले. २००० चा निर्णय त्यांच्या काळातलाच ना? पण गणित करा. त्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल आठवीत आलं जून २००७ ला, दहावीला बसलं मार्च २०१० ला. म्हणजे हा बदल सरांच्या आठवी-दहावीच्या वर्गात पोचलाच नाही! जी.आर.ची तारीख आणि वर्गातली तारीख एक नसते, हे कायम लक्षात ठेवा.

म्हणून नुसत्या जी.आर.वर थांबू नका. सेवापुस्तक, तपासणीचे शेरे, जुनी वेळापत्रकं, निकालपत्रकं मागा. वाडीवरच्या प्राथमिक शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायला कुणी होतं का, ते विचारा. राजूरलाच आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. आश्रमशाळांच्या कागदपत्रांसाठी तिथंही अर्ज करता येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? निकालपत्रकात ‘इंग्रजीत नापास’ दिसलं की दोष सरांवर तरी जातो, नाहीतर ‘आदिवासी मुलांना इंग्रजी जमत नाही’ असं ठरवलं जातं. त्या मुलांना प्रत्यक्षात किती वर्षं इंग्रजी मिळाली, हे मोजल्याशिवाय यातलं कुठलंही वाक्य प्रबंधात लिहू नका.