इंदूरची दिवाळीची मिरवणूक

वाढत्या शहराचं भविष्य नागरिकांनी कल्पायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आज आपल्याकडे विकास आराखडा येतो, नकाशावर हिरवा रंग दिसतो, आणि आपण हरकती-सूचनांचा अर्ज भरतो. याहून निराळी रीत होळकरांच्या इंदुरात घडली, ती आपण पाहू.

पॅट्रिक गेडिस हे मुळात वनस्पतिशास्त्राचे स्कॉटिश प्राध्यापक. १९१७च्या सुमारास तुकोजीराव होळकरांनी त्यांना नगररचनेसाठी बोलावलं. शहरात प्लेगची दहशत. गेडिस गल्लीबोळांतून हिंडले आणि दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रं त्यांनी मागून घेतली. दवंडी अशी की, मिरवणूक ठरल्या वाटेने जाणार नाही. जिथे घरं सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त होतील, झाडं लागतील, त्या रस्त्यांनी जाईल. मग काय! गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. गाड्या भरभरून कचरा निघाला, उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत रोगराईचे राक्षस होते, अवाढव्य उंदीर होता. आणि त्यांच्यामागून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घातलेले शहराचे सफाई कामगार. ज्यांची सावलीही टाळली जायची, ती माणसं सणाच्या मिरवणुकीत मानाने चालली, हे आम्हाला आराखड्यातल्या कुठल्याही बागेपेक्षा मोठं वाटतं. पुढे नव्या इंदूरचं चित्र लोकांसमोर आलं, तुळशीची रोपं वाटली गेली, शेवटी राक्षस जाळले.

गेडिस यांचा विचार साधा होता. आधी शहर पायी पाहा, निदान करा, मग औषध. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढणं त्यांना मान्य नव्हतं. थोडी घरं हलवून मोकळी जागा आणि झाडं मिळवावीत, असं ते सांगत. घाण गटारात लोटण्यापेक्षा मातीत, बागांत जिरवावी, असंही. (पुढे याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. आपल्यापैकी शेतकरी असतील त्यांना हे नाव ठाऊक असेल.)

पण एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. गल्ल्या झाडल्या, रंगवल्या नागरिकांनी. मिरवणुकीची वाट त्यांच्या श्रमांनी ठरली. १९१८चा दोन खंडांचा अहवाल मात्र सादर झाला तो दरबाराला, आणि इंग्रजीत.