सत्तावीस हजार वर्षांतून एकदा

दुकानदारानं तागडी खोटी असल्याचं कबूल करावं आणि वर म्हणावं, ‘तुम्ही पावशेरच घेता, तुम्हाला काय फरक पडतो?’ १९९४ साली इंटेलनं पेंटियमच्या गिऱ्हाइकांना जवळपास हेच ऐकवलं.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांवर काम करत होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोड्या. जूनमध्ये त्यांची उत्तरं जुळेनात. बिचाऱ्यांनी आधी स्वतःचीच आकडेमोड तपासली. ऑक्टोबरमध्ये खात्री पटली, चूक चिपचीच. भागाकारासाठी चिपमध्ये बसवलेल्या कोष्टकातली काही घरं रिकामी राहिली होती.

कंपनीला हे आधीच ठाऊक होतं. तरी उत्तर आलं, की साधारण गिऱ्हाइकाला ही चूक २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल. चिप बदलून हवी तर गरज पटवून द्या. मला वाटतं, चुकीपेक्षा या अटीनंच लोक जास्त चिडले. पैसे घेताना कुणी गरज विचारली होती? १२ डिसेंबरला आयबीएमनं या चिपचे संगणक पाठवणं थांबवलं. २० डिसेंबरला इंटेलनं मागेल त्याला चिप बदलून देण्याचं जाहीर केलं. खर्च ४७ कोटी ५० लाख डॉलर! सदोष चिपांच्या पुढं किल्ल्यांच्या साखळ्या झाल्या. कंपनीनं त्या आपल्याच कर्मचाऱ्यांना वाटल्या.