नाव नसलेला अर्जदार

१/ १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या अर्जावर निकाल दिला. निकालपत्रात त्याचा उल्लेख ‘एमएक्स’ आणि त्याला काम नाकारणाऱ्या सार्वजनिक महामंडळाचा उल्लेख ‘झेडवाय’ असा आहे. आजारी कामगाराच्या हक्कांच्या इतिहासात हा निनावी खटला महत्त्वाचा ठरला.

२/ आजारी कामगाराला संरक्षण त्यापूर्वीही होते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम ७३ नुसार, आजारपणाचा लाभ घेत असलेल्या काळात कामगाराला कामावरून काढता येत नसे किंवा शिक्षा करता येत नसे.

३/ एमएक्सची अडचण निराळी होती. तो नैमित्तिक मजूर होता. वैद्यकीय तपासणीत तो कामास सक्षम ठरला. परंतु रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला. तेवढ्यावरून त्याला काम देणे थांबले. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी केलेला कायदा धडधाकट माणसाच्या उपयोगी पडणारा नव्हता.

४/ न्याय मागायचा तर नाव उघड होणार आणि नाव उघड झाले तर घरादाराला वाळीत टाकले जाणार, असा तो काळ होता. न्यायालयाने टोपणनावाने दाद मागण्याची मुभा दिली.

५/ निकालाचा गाभा असा : कामगार नेहमीचे काम करू शकतो काय आणि त्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका संभवतो काय, हे प्रत्येकाच्या बाबतीत स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. केवळ विषाणूच्या अस्तित्वावरून सरसकट काम नाकारणारा नियम संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ चा भंग करतो.

६/ एमएक्सचे नाव कामगारांच्या यादीत पुन्हा घालावे आणि बुडालेल्या मजुरीपोटी त्याला ४०,००० रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

७/ मात्र जो खरोखरच कामास असमर्थ झाला, त्याच्याविषयी मालकाचे कर्तव्य काय? याचे उत्तर २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यात मिळते. अशा कामगाराला काढायचे असल्यास स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय लागतो. शिवाय त्याला झेपेल अशी सोय का करता येत नाही, त्यात कोणती प्रशासकीय वा आर्थिक अडचण आहे, हे मालकाला लेखी द्यावे लागते.

८/ याच कायद्याच्या कलम ३४ नुसार न्यायालय बाधित व्यक्तीची ओळख झाकून, टोपणनावाने कामकाज चालवू शकते. एमएक्सला मिळालेली मुभा आता कायद्यात लिहिलेली आहे.