मोतीभाई अमीन : खेड्यांचा ग्रंथपाल

संस्थानांचा इतिहास लिहिणारे लेखक दरबार, तहनामे आणि वारसाहक्काचे तंटे यांविषयी पुष्कळ लिहितात. त्या संस्थानांच्या कचेऱ्यांतून आयुष्यभर खपलेल्या माणसांविषयी मात्र चार ओळीही सहसा लिहीत नाहीत. बडोदे संस्थानाच्या बाबतीतही तसेच झाले आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव आपण आदराने घेतो, त्यांनी प्रजेसाठी ग्रंथालये काढली हेही आपल्या वाचनात आलेले असते. परंतु ती ग्रंथालये खेड्यापाड्यांत रुजविली कोणी, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो विचारला म्हणजे मोतीभाई नरसिंहभाई अमीन हे नाव पुढे येते. गुजरातेत त्यांना ‘चरोतरचे मोती’ म्हणून ओळखतात. महाराष्ट्रात हे नाव फारसे परिचित नाही. वस्तुतः ज्या राज्यात त्यांनी हे काम केले ते राज्य एका मराठी राजाचे होते, आणि त्या कामात काही मराठी माणसांचाही वाटा होता. तेव्हा या शिक्षकाची आणि ग्रंथपालाची आठवण मराठी श्रोत्यांपुढे जागविणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात 1863 साली जन्मलेला गोपाळराव नावाचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि त्याला अक्षरओळख नव्हती. वयाच्या बाराव्या वर्षी ज्याने पहिल्यांदा मुळाक्षरे गिरविली, त्याला वाचता येणे आणि न येणे यांतील अंतर स्वानुभवाने ठाऊक होते. 1881 साली राज्याची सूत्रे हाती आल्यावर महाराजांनी शिक्षणाकडे जे लक्ष दिले, त्याचे मूळ या अनुभवात असावे असे मला नेहमी वाटत आले आहे. 1893 साली अमरेली तालुक्यातील काही गावांत त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो कायदा संपूर्ण संस्थानाला लागू केला. हिंदुस्थानात त्या काळी हे धाडस दुसऱ्या कोणीही केलेले नव्हते.

परंतु शाळा काढली म्हणजे काम संपले असे होत नाही. चार इयत्ता शिकलेला मुलगा शेतावर जाऊ लागतो. घरात पंचांगापलीकडे छापील कागद नसतो. मग चार-पाच वर्षांत तो अक्षरे विसरतो आणि सरकारने त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च वाया जातो. पुस्तके आपल्या देशात नव्हती असे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 सालचे. परंतु ही जुनी वाचनालये शहरांतील शिकलेल्या आणि वर्गणी भरू शकणाऱ्या मंडळींची होती. खेड्यातल्या नवसाक्षराने वाचावे कोठे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

हे उत्तर प्रथम शोधले ते एका शाळामास्तरांनी. मोतीभाईंचा जन्म 1873 सालचा. त्यांचे गाव वसो, चरोतर भागातील, बडोद्याच्या हद्दीतले. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. त्यांच्या शिक्षणाने आणि लौकिकाने त्यांना अधिक मानाची नोकरी मिळाली असती. परंतु ते विद्यार्थ्यांत रमले, त्यांच्यासाठी त्यांनी वसतिगृहे चालविली. शाळा सोडून गेलेल्या मुलांचे पुढे काय होते हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते. त्यांनी समविचारी स्नेह्यांचे एक ‘मित्रमंडळ’ उभे केले आणि या मंडळाच्या वतीने गावोगाव लहान लहान वाचनालये काढण्यास आरंभ केला. चार वर्तमानपत्रे, दोन मासिके, थोडीशी पुस्तके, आणि ती सांभाळावयास गावचा शिक्षक, एवढाच त्यांचा पसारा. सरकारी ग्रंथालय खाते स्थापन होण्यापूर्वीच हे काम सुरू झाले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे 1910 साली महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथून विल्यम ॲलनसन बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालास बडोद्यास आणले. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून महाराज प्रभावित झाले होते. बॉर्डनसाहेब बडोद्यात सुमारे तीनच वर्षे राहिले. परंतु तेवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, वर्गीकरणाची पद्धत सिद्ध केली आणि ग्रंथपालांना शिक्षण देण्याचा वर्ग काढला. महाराजांनी आपला सुमारे वीस हजार ग्रंथांचा खाजगी संग्रह या ग्रंथालयास दिला. 1912 साली ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक सुरू झाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर असे.

या खात्याची एक शाखा खास तालुक्यांतील व खेड्यांतील ग्रंथालयांसाठी होती, आणि तिचे काम मोतीभाईंकडे आले. मला यात महाराजांची खरी पारख दिसते. परदेशातून तज्ज्ञ आणणे पैसेवाल्या राजाला अवघड नसते. आपल्याच राज्यातील एका खेड्यात शाळामास्तर जे काम पदरमोड करून करीत आहे, ते ओळखून त्यालाच सरकारी कामाचा सूत्रधार करणे, हे मात्र सर्वांना साधत नाही.

आता खेड्यांतील ग्रंथालयांची व्यवस्था कशी होती ते पाहू. तिचे दोन भाग होते. पहिला भाग स्थायी ग्रंथालयांचा. त्याचा नियम साधा होता. गावकऱ्यांनी वर्षाला जेवढी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने द्यावी. या मदतीची मर्यादा खेड्याला 100 रुपये, कसब्याच्या गावाला 300 रुपये आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणाला 700 रुपये अशी ठरलेली होती. इमारत बांधावयाची झाल्यास तिच्या खर्चाचीही अशीच तीन वाटण्यांत विभागणी होई. म्हणजे गावाने एक रुपया काढला की त्याचे तीन होत. परंतु तो पहिला रुपया गावानेच काढावयाचा. सरकारी मदतीने उभ्या राहिलेल्या पुष्कळ संस्था मी पाहिल्या आहेत. ज्या ठिकाणी गावाचा पैसा गुंतलेला असतो, त्या ठिकाणी हिशेब विचारणारे दोघेतिघे तरी निघतात. ज्या ठिकाणी सगळेच वरून आलेले असते, त्या ठिकाणी छप्पर गळू लागले तरी लोक सरकारी माणसाची वाट पाहतात. बडोद्याच्या नियमात मनुष्यस्वभावाची ही जाण होती.

दुसरा भाग फिरत्या ग्रंथालयांचा. ज्या गावाची वर्गणी जमविण्याचीही ऐपत नाही, किंवा ज्याच्यापाशी असलेली पुस्तके एव्हाना वाचून झाली आहेत, त्यांच्यासाठी मजबूत लाकडी पेट्या तयार केलेल्या असत. एकेका पेटीत साधारणतः 15 ते 30 पुस्तके असत. एखाद्या जबाबदार माणसाने मागणी करावी, खात्याने पेटी पाठवावी, मुदत संपली की ती परत यावी आणि दुसरी जावी. शुल्क काही नाही. जाण्यायेण्याचे भाडेदेखील सरकारच भरी. बडोद्याचा मुलूख सलग नव्हता हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. नवसारी दक्षिणेस, कडी उत्तरेस, अमरेली आणि ओखामंडळ पार काठेवाडात. मध्ये इंग्रजांची आणि इतर संस्थानिकांची गावे. एवढ्या विखुरलेल्या राज्यात कुलूपबंद पेटीची नोंद ठेवणे, ती वेळेवर परत आणणे आणि तिच्यातील पुस्तके वाचकांच्या आवडीनुसार बदलणे, हे काम चिकाटीचेच होय. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाची चित्रे व चलच्चित्रपट दाखविण्याची सोयही खात्याने केली होती. राजधानीत स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे दालन होते.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सेवेत नवा असताना मी एका आडगावी तपासणीस गेलो होतो. शाळेच्या एका खोलीत पुस्तकांचे कपाट होते. मी नोंदवही मागविली, पुस्तके मोजली. संख्या बरोबर जुळली. पुस्तकांना वाळवी नव्हती, पाने फाटलेली नव्हती. मी शेऱ्यात लिहिले, ‘पुस्तके सुस्थितीत आहेत.’ निघताना सहज एक पुस्तक उघडले, तर त्याची पाने एकमेकांना चिकटलेली, प्रथमच सुटी होत असल्यासारखी. मी शिक्षकांना विचारले, ‘गुरुजी, ही कोणी नेत नाही काय?’ ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, मागतात पुष्कळजण. पण एक हरवले तर किंमत माझ्या पगारातून जाते. म्हणून मी कुलूप काढीत नाही.’ दोष त्या गुरुजींचा नव्हता. आम्ही त्यांना पुस्तके राखावयास सांगितले होते आणि त्यांनी ती राखली होती. माझा शेरा मी तसाच राहू दिला, कारण तपासणीच्या नमुन्यात वाचकांची संख्या लिहावयास रकानाच नव्हता. ही गोष्ट मला आजही टोचते. पुढे मोतीभाईंच्या कामाची माहिती वाचताना त्या कपाटाची किल्ली माझ्या डोळ्यांपुढे येत राहिली.

मोतीभाईंचे वैशिष्ट्य नेमके येथे होते. ते सरकारी अधिकारी झाले तरी त्यांच्यातील प्रचारक संपला नाही. गावोगाव हिंडून लोकांना वाचनालयाचे महत्त्व पटवून देणे, चालविणारी माणसे हेरणे, त्यांच्या परिषदा भरविणे, आणि एकेकट्या पडलेल्या ग्रामीण ग्रंथपालाला आपण मोठ्या कामाचा भाग आहोत अशी जाणीव करून देणे, यात त्यांनी आपली वर्षे घालविली. खेड्यातील लहान वाचनालयाला पुस्तके व सामान किफायतशीर भावात मिळावे म्हणून ‘पुस्तकालय सहायक सहकारी मंडळ’ उभे करण्यातही त्यांचाच पुढाकार होता. आणंदच्या चरोतर एज्युकेशन सोसायटीचेही ते एक संस्थापक होते. 1939 साली ते वारले, तेव्हा गुजरातेतील ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून त्यांची कीर्ती दृढ झालेली होती.

या चळवळीतील मराठी माणसांपैकी जनार्दन सखाराम कुडाळकर यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. बॉर्डनसाहेबांनंतर मध्यवर्ती ग्रंथालयाची धुरा त्यांनी वाहिली आणि 1919 साली बडोद्याच्या चळवळीची हकीकत इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मद्रासेत भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. आंध्रात अय्यंकी वेंकटरमणय्या यांच्यासारखे कार्यकर्ते याच सुमारास आपापल्या परीने गावोगाव ग्रंथालये काढीत होते. पुढे 1931 साली तमिळ देशात मन्नारगुडीजवळच्या खेड्यांतून बैलगाडीवरचे ग्रंथालय फिरू लागले. बडोद्याच्या पेटीची ही भावंडेच म्हणावयाची.

तथापि, इतिहास सांगताना केवळ गौरव करून भागत नाही. 1917 साली डॉ. आंबेडकर बडोदे सरकारच्या सेवेत रुजू होण्यासाठी त्या शहरी आले. त्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे महाराजच होते. तरीही ज्या शहरात देशातील एक उत्तम ग्रंथालय होते, त्या शहरात या विद्वानाला राहावयास जागा मिळाली नाही आणि काही दिवसांतच त्यांना परतावे लागले. मग खेड्यांत काय असेल? वाचनालय जर देवळाच्या ओवरीत किंवा गावच्या चोऱ्यावर असेल, तर ज्याला त्या पायरीवर पाऊल ठेवण्याची मुभा नाही त्याच्या हाती पुस्तक कसे पडणार? पुस्तकांची पेटी सरकारला गावापर्यंत पोहोचविता येते. तिचे झाकण सर्वांसाठी उघडणे गावाच्या हाती असते. ‘पहिला रुपया गावाचा’ या नियमाची ही दुसरी बाजू आहे. जेथे गाव एक नाही, तेथे गावाचे ग्रंथालयही काहींचेच होते.

1949 साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ग्रंथालयांसाठी कायदा करण्याचा पहिला मान 1945 साली कोल्हापूर संस्थानाने मिळविला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 सालचा. आज आपल्या राज्यात शासनमान्य ग्रंथालये हजारोंनी आहेत आणि त्यांतील पुष्कळशी खेड्यांत आहेत. कायदा आहे, अनुदान आहे, पुस्तकेही आहेत. तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी दोन तास दार उघडून बसणारा ग्रंथपालही आहे. आता तर खेड्यातल्या मुलाच्या हाती दूरध्वनी आहे आणि त्यात जगातील मजकूर आहे. मग या ग्रंथपालाचे काम उरले आहे काय, असा प्रश्न कोणी केल्यास मी मोतीभाईंकडे बोट दाखवीन. त्यांच्या काळीही पुस्तके छापली जात होती आणि पैसे देऊन मिळत होती. अमुक मुलाला अमुक पुस्तक आवडेल हे ओळखून ते त्याच्या हाती ठेवणारा माणूस मात्र खेड्यात नव्हता. तो उभा करण्यासाठी मोतीभाईंनी आपले आयुष्य वेचले.

हल्ली दौऱ्यावर असताना गावात वाचनालय दिसले म्हणजे मी आत जातो. नोंदवही अजूनही मागतो. परंतु ती पुस्तकांच्या संख्येची नव्हे, देवघेवीची. गेल्या महिन्यात कोणते पुस्तक कोणी नेले, एवढेच पाहतो. ज्या पानावर सह्या आणि अंगठ्यांची बोटे उमटलेली असतात, कडा मळलेल्या असतात, ते पान पाहिले की बरे वाटते. आणि एखादे पुस्तक हरवल्याची कबुली ग्रंथपाल भीत भीत देऊ लागला, तर त्याला प्रथम खुर्चीवर बसावयास सांगतो. जे हरवले ते निदान कोणीतरी घरी नेले होते.